बॅटरीचं पाणी

सर माणसांना अहो-जाहो करायचे आणि यंत्रांना अरे-तुरे. एम.एस्सी.ला नुकतीच आलेली पोरगी असली तरी तिला, "मॅडम, तुम्ही जरा सरकता का?" आणि तिच्यामागच्या व्हॅक्यूम पंपाला, "काय रे, आज पुन्हा नाटकं? गुमान चाल, नायतर भंगारात घालीन." पंप त्यांचं ऐकायचा असं मी शपथेवर सांगणार नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हातून तो पहिल्या झटक्यात सुरू व्हायचा नाही, हे खरं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी मॅडम म्हटलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं, कोण मॅडम आल्या म्हणून.

विद्यापीठाच्या आमच्या विभागात ते कधीपासून होते हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. त्यांचं पद मात्र दर थोड्या वर्षांनी बदलायचं. आधी प्रोजेक्ट फेलो, मग सीनियर फेलो, मग रिसर्च असोसिएट आणि मग पुन्हा उतरून प्रोजेक्ट असिस्टंट, कारण नव्या प्रोजेक्टमध्ये त्याहून मोठं पदच मंजूर झालेलं नव्हतं. पीएचडी होऊन केस पिकायला लागलेला माणूस असा वर-खाली होत राहायचा. ऑफिसची मंडळी त्यांना 'प्रोजेक्टवाले सर' म्हणायची. एक प्रोजेक्ट संपून दुसरा येईपर्यंत मधले काही महिने पगार नसायचा, तरी सर रोज वेळेवर हजर. कुणी विचारलं तर म्हणायचे, "प्रोजेक्ट संपलाय हे पंपाला कुठं माहितीय?"

विभागात ते खुर्चीवर बसत नसत. प्रयोगशाळेतलं लाकडी स्टूल हीच त्यांची जागा. "खुर्ची कायमवाल्यांची. आपण स्टुलावरचे," म्हणायचे. सुरुवात चेष्टेत झाली असावी, पण पुढं पुढं खरंच त्यांना खुर्चीत अवघडल्यासारखं व्हायचं. मोठ्या सरांच्या केबिनमध्येही ते उभेच राहायचे. मोठे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, माझे गाइड आणि सरांच्या बहुतेक प्रोजेक्टांचे मालक. ते "अहो बसा की" म्हणायचे आणि सर "नाय, बरंय इथंच" म्हणायचे. हा संवाद मी इतक्यांदा ऐकला की शेवटी तो कानावर पडेनासा झाला.

गाव त्यांचं पाचोडजवळ. तिथल्या बाजारात कुणी ना कुणी त्यांच्या वडिलांना विचारायचंच, थोरला काय करतो म्हणून. वडील सांगायचे, "शिकतोय अजून, विद्यापीठात." सर हे सांगून मनापासून हसायचे. "माझी पोरगी बारावीला गेली अन् आमचा म्हातारा म्हणतो पोरगं शिकतंय. पण त्याचं तरी काय चुकलं?" मला काही हसू यायचं नाही. माझ्याही घरी पाहुण्यांना तेच उत्तर दिलं जात होतं.

आमचं काम सांगायला सोपं होतं. काचेची पट्टी रसायनांच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. तिच्यावर जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो. त्यातून वीज किती चांगली वाहते ते मोजायचं. चांगली वाहिली तर पेपर, नाही वाहिली तर पट्टी कचऱ्यात. फक्त सर ती कचऱ्यात टाकू द्यायचे नाहीत. नापास झालेली प्रत्येक पट्टी कागदात गुंडाळून, वर तारीख घालून ते मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचे. खोक्यावर लाल अक्षरांत 'नापास' असं लिहायचे. पास झालेल्यांची खोकी वेगळी, आणि ती अर्थातच कमी. एका दिवाळीत ऑफिसचे हेडक्लार्क कपाटाशी उभे राहून काजूकतलीचं खोकं मोठ्या आशेनं उघडताना सापडले होते. आत नुसत्या काचा बघून ते म्हणाले, "सर, हे बरं नाय." सरांनी त्यांना बाहेर नेऊन चहा पाजला आणि परत येऊन खोकं जागेवर ठेवलं.

मी विचारलं होतं, नापासांचं एवढं कौतुक कशाला. म्हणाले, "मॅडम, पास झालेला कशानं पास झाला ते कोणी इचारत नाय. नापासाला सगळे इचारतात." आता हे वाक्य तत्त्वज्ञानासारखं वाटतं. तेव्हा मला वाटलं, कपाटात जागा नाही आणि ह्यांचं आपलं काहीतरी.

मुलाखतींचंही त्यांचं एक वेगळंच. मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात सहायक प्राध्यापकाची जागा निघाली की सर जायचे. निळा शर्ट, जुनी फाइल आणि डबा. जागा कुणासाठी निघालीय हे बहुतेक वेळा शिपायालासुद्धा माहीत असायचं. सर तिथं बाहेर बसलेल्या पोरांना धीर द्यायचे, काय विचारतील ते सांगायचे, एखाद्याचा विषय कच्चा असला तर जिन्यात उभं राहून शिकवायचे. ज्याची निवड आधीच ठरलेली, त्यालासुद्धा. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, तुम्ही स्पर्धकाला शिकवता?" तर म्हणाले, "लागणार तर तोच हाय. मग त्याच्या पोरांना तरी नीट शिकवंल." जमलेल्यांना डब्यातली चटणी-भाकरी वाटून संध्याकाळच्या एसटीनं परत. असं कितीदा झालं, ते त्यांनीही मोजलं नसेल.

आपल्या विद्यापीठात जागा निघेल अशी मात्र त्यांना आशा होती. ती सगळ्यांनाच होती. जाहिरात यायची, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत अडकायची. पुन्हा यायची, कोर्टात अडकायची. आमच्या विभागातली एक खोली ज्या प्राध्यापकांची होती ते निवृत्त होऊन गेले, त्यांचं जाळं लागलेलं कपाट तसंच राहिलं. आम्ही वाट बघत होतो म्हणण्यापेक्षा आम्हाला वाट बघण्याची सवय लागली होती, हे जास्त बरोबर.

सरांचं नाव झालं ते एका पेपरमुळं. मी यायच्या आधी एका उन्हाळ्यात त्यांनी केलेल्या पट्ट्यांतून वीज अशी काही वाहिली की मोठ्या सरांनी तीनदा मीटर बदलून पाहिला. पाण्याचं तापमान एका विशिष्ट पद्धतीनं वाढवल्यामुळं हे झालं, असा दोघांनी निष्कर्ष काढला. पेपर चांगल्या ठिकाणी छापून आला, मोठे सर त्यावर बोलायला परदेशात जाऊन आले, त्याच्याच जोरावर पुढचा प्रोजेक्ट मिळाला आणि माझा पीएचडीचा विषयही त्यातूनच निघाला. अडचण एकच होती. पुन्हा तसा थर हमखास कुणालाच जमेना.

शास्त्राच्या विभागात असं झालं की लोक काय करतात? आम्ही म्हणायला लागलो, सरांच्या हाताला गुण आहे. मी थट्टा करत नाही. महत्त्वाची बॅच असली की पहिली पट्टी सरांच्या हातून बुडवायची, हा आमच्याकडे रिवाजच पडला होता. मोठे सरही म्हणायचे, "अरे, त्यांना बोलवा, त्यांचा हात लागू द्या." भौतिकशास्त्रातल्या पदव्या भिंतीवर टांगून आम्ही सगळे हातगुणावर चाललो होतो. सर बिचारे येऊन पट्टी बुडवायचे. कधी जमायचं, बहुतेकदा नाही. नाही जमलं की ते खोक्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "आज हात उपाशी हाय."

माझ्या पीएचडीचं शेवटचं वर्ष चाललं होतं तेव्हाचा उन्हाळा. शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. आमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र चालायला नळाची सतत धार लागते, आणि धारच नव्हती. मग दर उन्हाळ्यात व्हायचं तेच झालं. यंत्र बंद आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी. त्या पाण्यात मी पट्ट्या बुडवल्या आणि मीटरचा काटा असा गेला की मी ओरडलेच. सगळे धावत आले. कुणीतरी पेढे आणायला निघालं. मोठे सर म्हणाले, "बघा, गुण परत आला."

सर स्टुलावर बसून होते. त्यांनी विचारलं, "पट्टी कोणी बुडवली?" मी म्हटलं, मी. "मी हात लावला व्हता का?" नव्हता. मग ते उठले, कपाटातली सगळी खोकी काढून जमिनीवर मांडली आणि तारखा वाचायला बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं मलाही दिसलं. पास झालेल्या पट्ट्या सगळ्या उन्हाळ्यातल्या. पाऊस पडून नळ सुरू झाला की नापासांची रांग.

त्यांनी रिकामा कॅन उचलला, मला स्कूटरवर मागं बसवलं आणि आम्ही दुकानात गेलो. काउंटरवरचा मालक ओळखीचाच होता. सरांनी अगदी सरळ विचारलं, "भाईजान, एक बात सच बोलो. ये पानी किधर का?"

"डिस्टिल्ड है साब. लिखेला है ना उसपे."

"लिखेला छोडो. मैं शिकायत करने नहीं आया. मेरेकू बस मालूम होना."

मालकानं आमच्याकडे बघितलं, मग बाहेर बघितलं. "बाकी टाइम कंपनी से आता साब. गर्मी में माल कम पडता. तो हम बोअर का टैंकर मंगाते, छान के भर देते. बॅटरी को क्या फरक पडता? झूट कायकू बोलूँ आपसे."

"हर गर्मी में?"

"हौ साब. हर गर्मी में."

मला त्या माणसाचा संताप आला होता. सरांनी मात्र त्याचा हात हातात घेऊन दाबला आणि शुक्रिया म्हणाले. बाहेर येऊन स्कूटरला किक मारताना ते हसत होते. "मॅडम, खारं पाणी. बोअरचं खारं पाणी. एवढी वर्षं आपण तापमान-तापमान करतोय."

परत आल्यावर त्यांनी खात्री करून घेतली, आणि तीही त्यांच्याच पद्धतीनं. मोठ्या मिनतवारीनं शेजारच्या विभागातून खरं शुद्ध पाणी आणलं. त्यात पट्टी बुडवली, नापास झाली. मग जेवणाच्या डब्यात काकडीसोबत आणलेली मिठाची पुडी सोडली आणि चिमूटभर मीठ पाण्यात टाकलं. पट्टी पास झाली. मीठ वाढवत गेलं की वीजही वाढत गेली, एका मर्यादेपर्यंत. दिवसभर ते हेच करत बसले होते आणि इतके आनंदात होते की मला त्यांना आठवण करून द्यायला जिवावर आलं. विद्यापीठाची जाहिरात ह्या वेळी खरोखरच पुढं सरकली होती. आमच्या विभागातल्या त्या एका जागेच्या मुलाखती पुढच्याच महिन्यात होत्या. आणि सरांच्या अर्जातलं एकमेव वजनदार काम म्हणजे तोच पेपर.

मोठे सर दुष्ट नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टीत कुणीतरी दुष्ट असला की सोपं जातं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिठाच्या पट्ट्या पाहिल्या, चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पेपर मागं घ्यावा लागेल. माझंही नाव आहे त्यावर, मी सही करीन. पण मुलाखत होऊ द्या. एक महिना. हे मी तुमच्यासाठी सांगतोय."

सर उभेच होते. म्हणाले, "चालंल." आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तर त्या रात्री शांत झोप लागली. माझ्या प्रबंधाचं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार होतं, पण सरांचं होतंय म्हटल्यावर त्याचं काही वाटलं नाही.

मुलाखतीला मीही होते. प्रबंध अजून जमा व्हायचा होता, पण नेट पास असल्यानं अर्ज भरून ठेवला होता. आपलं होणार नाही हे माहीत होतं, पण सवय म्हणून. बाहेर नेहमीचीच गर्दी. नांदेडचे, बीडचे, परभणीचे, सगळे एकमेकांना मागच्या मुलाखतीपासून ओळखणारे. सरांचा निळा शर्ट कडक इस्त्रीचा होता. वहिनींनी केली असणार. आत बाहेरून आलेले तज्ज्ञ होते आणि मोठे सर होते. मोठ्या सरांनी त्या तज्ज्ञांना आधीच सुचवून ठेवलं होतं की ह्यांना त्या पेपरबद्दल विचारा, म्हणजे ते छान बोलतील. सरांचं भलं व्हावं म्हणूनच.

तज्ज्ञांनी विचारलं, "तुमचं आजवरचं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?" आणि पेपरचं नावही त्यांनीच घेतलं. सर म्हणाले, "व्हय, तेच. पण ते चूक हाय." आणि मग त्यांनी बॅटरीचं दुकान, टँकर, हातगुण, मिठाची पुडी असं सगळं रंगवून सांगितलं. समितीतल्या एका बाईंना म्हणे हसू आवरेना. हे सगळं मला नंतर मोठ्या सरांनी सांगितलं. ते म्हणाले, "मी टेबलाकडे बघत बसलो होतो. काय करणार?"

सर बाहेर आले तेव्हा चेहरा मोकळा होता. मी म्हटलं, "सर, एक महिना थांबायचं ठरलं होतं ना?"

"पत्र पाठवायचं थांबलोच हाय की. पण त्यांनी तोंडावर इचारलं, मॅडम. तोंडावर इचारल्यावर काय सांगू?"

पडेगावला त्यांच्या घरी मी सोबत गेले, कारण त्यांना एकट्याला जाऊ द्यावंसं वाटेना. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर त्यांच्याच पगारावर उभं होतं. सर म्हणायचे, आमच्यात एक कायम हाय, तेवढं बास. वहिनींनी शिरा करून ठेवला होता. सरांनी झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शिरा वाढला, सर पोरीला हाक मारायला बाहेर गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, एक दिवस गप बसले असते तर काय बिघडलं असतं हो? इतकी वर्षं बसलेच की." खरं सांगायचं तर मी त्या वेळी पूर्णपणे वहिनींच्या बाजूनं होते.

निकाल लागला. योग्य उमेदवार आढळला नाही. दुसऱ्या कुणाला ती जागा मिळाली असती तर निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. जागा रिकामीच राहिली. जूनमध्ये एम.एस्सी.चे तास कोण घेणार असा प्रश्न आला, तेव्हा विभागानं त्याच जागेचे तास तासाप्रमाणे मानधनावर सरांना दिले. ज्या कामाला समितीनं नालायक ठरवलं तेच काम तासावारी करायला ते चालले. मी संतापून काहीबाही बोलले. ते म्हणाले, "पोरं तर आलीत ना, मॅडम."

ठरल्याप्रमाणे त्यांनी नियतकालिकाला पत्र पाठवलं. कोपऱ्यात चार ओळींची नोंद छापून आली, हा पेपर लेखकांनी मागे घेतला आहे. ती कुणी वाचली की नाही, कोण जाणे.

मी आता बजाजनगरच्या पुढं एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते, मग एक महिना कुणीच नसल्यासारखी घरी बसते. संशोधन सुटलं. पोरांना पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र शिकवते, पेपर तपासते, पालकांना फोन लावते. थकायला होतं, आणि थकण्यासारखं आपण नेमकं काय केलं ते संध्याकाळी आठवत नाही.

परवा दुपारी सरांचा फोन आला. आवाजात तीच घाई. "मॅडम, जाहिरात आली. तीच जागा. तुम्ही भरा, मीबी भरतोय."

"सर, तेच मोठे सर असतील का?"

"ते झाले की रिटायर. आता नवीन लोक हायेत."

नवीन लोक. मला हायसं वाटलं. त्या खोलीत काय झालं होतं ते आता कुणाला ठाऊक नसणार. मागच्या काही वर्षांत सरांचे दोन-तीन बरे पेपर आले होते, खरंच बरे. म्हटलं, "ह्या वेळी ते पुढं करा. अर्जात विचारतात ना, सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं. तिथं नवीन काहीतरी लिहा."

"लिवलं की," सर म्हणाले. "तेच लिवलंय. मागं घेतलेला पेपर."

मला इतका राग आला की कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून मी त्यांच्यावर चक्क ओरडले. वहिनींचं नाव घेतलं, पोरीचं नाव घेतलं, किती वर्षं आणखी, असं विचारलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, बाकीचे पेपर कोणीबी लिवले असते. आपल्या हातात गुण नाय, हे शोधायला मला लई वर्षं लागली. दुसरं काय दाखवू?"

फोन ठेवला. राग गेला नव्हता. तास सुरू झाल्याची घंटा झाली तेव्हा वर्गात गेले, पण आधी मोबाइलवर जाहिरात उघडून शेवटची तारीख पाहून घेतली.